सकाळचं अर्धं, संध्याकाळचं अर्धं

मित्रांनो, माझं तोंड असं वासलेलं पाहून हसू नका. मी बूट आहे. जुना, उजव्या पायाचा, धावायचा. माझा तळवा पुढून सुटला आहे, म्हणून मी सारखा काहीतरी सांगायला निघाल्यासारखा दिसतो. दिवेआगरातल्या एका घराच्या मागच्या पडवीत, पाणी तापवायच्या चुलीशेजारी, मी आणि माझा जोडीदार डावा असे दोघं पडून असतो. डाव्यात हल्ली कोंबडीचं पिल्लू बसतं. माझ्यात बसत नाही, माझ्या तोंडातून वारा जातो ना! तेव्हा मला वेळच वेळ आहे. तुम्हाला थोडा असेल तर ऐका.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. खाली रबराचा तळवा, वर जाळीचं निळं कापड, आणि दोघांना धरून ठेवणारा गोंद. माणसांच्या घरात जे काम माया करते ते आमच्यात गोंद करतो. असतो तेव्हा दिसत नाही. सुटला की मगच कळतं की होता.

माझा पहिला मालक मुंबईचा. तो मला घालून एका यंत्राच्या काळ्या पट्ट्यावर धावायचा. पट्टा मागे पळे, आम्ही पुढे पळू, घाम गळे, पण समोरची भिंत काही जवळ येईना. वर्षभर धावलो आणि कुठेच गेलो नाही. मग एका दिवाळीच्या सुट्टीत तो सहकुटुंब दिवेआगरला आला, समुद्रकाठच्या एका होम-स्टेमध्ये उतरला आणि जाताना आम्हाला खाटेखाली विसरून गेला.

खाटेखाली केरसुणी आली आणि तिच्यामागून एक चेहरा वाकला. त्या होम-स्टेमध्ये खोल्या झाडायचं आणि स्वयंपाक करायचं काम करणारी रचना होती ती. तिने मला उचललं, उलटं केलं, वाळू झाडली आणि मालकाला, भावेशदादाला, हाक मारली.

"दादा, खोलीतल्या पाहुण्यांचे बूट राहिलेत."

भावेशदादाने फोन लावला. पलीकडून कुणी तरी हसलं. "नको म्हणतात. नवीन घेतले म्हणे. तू ने, नाहीतर कुत्रा नेईल."

रचनाने मला घरी नेलं खरं, पण उंबऱ्याच्या आत नाही. मी मोठा, तिचे पाय माझ्यापुढे लहान. तिने लेकीच्या दुपट्याचे तुकडे कापून माझ्या पुढच्या टोकात कोंबले. मित्रांनो, त्या कापडाला दुधाचा आणि तेलाचा वास होता. यंत्राच्या पट्ट्यावर मला कधी कुणी असं पोटभर जेवू घातलं नव्हतं.

तिला बूट कशाला हवे होते, तेही सांगतो. चक्रीवादळात इथलं सुरूचं बन आडवं झालं, नारळी-पोफळी मोडून पडल्या, तेव्हा रचना रोजंदारीवर रोपं लावायला जायची. तिथे खाकी वर्दीतली एक वनरक्षक बाई देखरेखीला असे. रोप कसं धरावं, मुळाभोवतीची माती कशी सोडू नये, ती रागावून शिकवायची. रचनाने तेव्हाच मनाशी गाठ मारली, आपण हेच व्हायचं. मग लग्न झालं, साक्षी झाली. नवरा सम्यक उरणच्या बंदरातून मोठा ट्रेलर चालवतो, पंधरवड्यातून एकदा घरी येतो. साक्षीला पाळण्यात झोका देत देत रचनाने लेखी परीक्षेचा अभ्यास केला. आणि पास झाली! उरलं होतं तीन किलोमीटरचं पळणं. ते यंदाच जमवायचं होतं, कारण पुढच्या वेळी तिचं वय बसणार नव्हतं. ही एकच खेप, मग दार बंद.

गावात महिपतसर म्हणून एक निवृत्त खेळशिक्षक आहेत. पोलीस आणि सैन्याच्या परीक्षांसाठी मुलांना वाळूवर पळवतात. फुकट पळवतात, शिव्या मात्र भरपूर देतात. रचना त्यांच्यापुढे उभी राहिली तेव्हा मी तिच्या पायात होतो.

"सर, सकाळी पाहुण्यांचा नाश्ता, मग खोल्या, मग जेवणं. दुपारी लेक. संध्याकाळी परत मासळी. सलग पळायला मला वेळ कुठाय?"

"मग सलग पळू नको. दोन तुकडे कर. सकाळी अर्धं, संध्याकाळी अर्धं. भाकर एका घासात खातेस काय?"

"आणि परीक्षेत?"

"परीक्षेत एकाच घासात," सर म्हणाले. "पण आधी पोटात तर जाऊ दे. घर तुला वेळ देणार नाही बाई. तूच वेळेला चिमटे काढ."

झालं. माझं खरं आयुष्य तिथून सुरू झालं.

पहाटे साक्षी दूध पिऊन पुन्हा डोळे मिटायची. तेवढ्यात रचना पावलं न वाजवता बाहेर यायची, अंगणात खाली बसून माझे बंद आवळायची आणि वाडीमधल्या पाऊलवाटेने किनाऱ्यावर निघायची. ओहोटी असली की पाण्याशेजारची वाळू घट्ट असते, तिच्यावर पाय छान उमटतो. सुरूच्या टोकापासून निघायचं आणि वाळूत रुतून बसलेल्या मोडक्या होडीपाशी थांबायचं, की अर्धं झालं. मग झपझप चालत घरी, आंघोळ, आणि होम-स्टेमध्ये पोह्यांची फोडणी. संध्याकाळी पाहुण्यांचा चहा झाला आणि मासळी चुलीवर चढायची असली, की मधल्या फटीत उरलेलं अर्धं.

पण समुद्र काही भावेशदादाच्या घड्याळावर चालत नाही. पुनवेच्या आणि अवसेच्या आसपास सकाळ-संध्याकाळ पाणी खाली असतं, तेव्हा आमची चंगळ. अष्टमीच्या सुमाराला मात्र नेमकं त्याच वेळी पाणी सुरूच्या मुळांशी येतं. मग कोरड्या, भुसभुशीत वाळूत घोट्यापर्यंत रुतत पळायचं, नाहीतर वाड्यांमधल्या सिमेंटच्या रस्त्यावर, कुत्र्यांना सोबत घेऊन.

आणि मित्रांनो, माझीही एक अडचण होती. बुटाला सुकायला एक दिवस तरी लागतो. मला तो मिळत नव्हता. सकाळचं खारं पाणी अंगात मुरलेलं असतानाच संध्याकाळचं येई. ओल्यावर ओल. जाळी कुजू लागली, शिवणीत मीठ साचलं. तक्रार करत नाही मी. जिच्या पायात होतो, तीही कुठे सुकत होती? पळताना दूध येऊन तिची ओढणी भिजायची. तशीच ती वळायची आणि घराकडे सुटायची.

घरी सासू असायची, भिमाबाई. तिला हे पळणं पहिल्या दिवसापासून डोळ्यांत खुपत होतं.

"कुणी मागं लागलंय का गो तुझ्या?" ती दारातूनच विचारायची.

"नाही आई. अर्ध्या तासात येते."

"अर्धा तास म्हनं. पोर रडून रडून निळी झाली तर तो अर्धा तास घेऊन चाटायचा काय?"

"झोपली आहे ती."

"झोपली हाय तवर झोपली हाय. उठली की आयशीचं नाव घेती, आजीचं न्हाय."

माझ्या बंदाची गाठ त्या दिवशी जरा जास्तच करकचून बसायची. आणि खरंच, होडीपाशी पोचता पोचता वाऱ्यावर साक्षीच्या रडण्याचा आवाज यायचा. कधी खरा असायचा, कधी नुसता भास. आवाज आला की रचना थांबलीच. पुढचं पाऊल टाकणं तिला जमतच नसे.

तिकडे होम-स्टेमध्येही हेच. नाताळात पाहुण्यांची झुंबड उडाली. रोज संध्याकाळी रचना ओढणी खोचून निघाली की भावेशदादा ओसरीवरून ओरडायचा.

"रचनाताई, सुरमई तळायची कोण? समुद्र?"

"मसाला लावून ठेवलाय दादा. येऊन तळते."

"गेस्टना भूक काय तुझ्या ओहोटीप्रमाणे लागते?"

भावेशदादा वाईट नाही हो. त्याचंही पोट त्या पाहुण्यांवरच आहे. पण त्या आठवड्यात संध्याकाळचं अर्धं रोज बुडालं. शेवटच्या दिवशी अंधार पडल्यावर रचना घरी आली, तिने पिशवीतून मला काढलं आणि पडवीच्या कोपऱ्यात भिरकावून दिलं. मी भिंतीवर आपटलो. ती न्हाणीत गेली. बादलीत नळ सोडला, म्हणजे आवाज बाहेर जाऊ नये. पण न्हाणीची भिंत कुडाची आहे आणि मी तिच्याच बाजूला पडलो होतो. आयुष्यात मी पुष्कळ श्वास ऐकलेत, मित्रांनो. चढाचे, उताराचे, दमलेले. पण तसा श्वास कधी ऐकला नव्हता. सगळ्यांसाठी थोडी थोडी उरलेली, आणि स्वतःसाठी अजिबात न उरलेली बाई तसा श्वास घेते.

भिमाबाई साक्षीला खांद्यावर घेऊन त्याच भिंतीशी उभी होती. तीही ऐकत होती. तिने नळ बंद कर म्हणून हाक मारली नाही. उगाच साक्षीला थोपटत राहिली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रचना घरी डोकावली तर भिमाबाई साक्षीला कडेवर घेऊन फाटकातच उभी. मला तिने आधीच पायरीवर काढून ठेवलेलं.

"अवस जवळ आली," ती म्हणाली. "पानी उतरलंय. जा."

"आई..."

"जा म्हनते ना. तोंड काय बघतीस? आन् ती मच्छी मी बघते. भावेशला सांगितलंय, भिमाबाईच्या हातची खाऊन पाहुनं बोटं चाटत गेलं न्हाईत तर नाव बदल."

तेव्हापासून भिमाबाई आमचं पंचांग झाली. रोज ती तिथी सांगे, पाणी सांगे, वाट सांगे. कौतुक मात्र तिच्या तोंडून कधी बाहेर पडलं नाही. टोमणे चालूच होते, फक्त त्यांची धार गेली होती.

अर्ध्या-अर्ध्याने रचनाचे पाय चांगले तयार झाले. मला जमिनीवर टेकायला वेळच मिळेना, इतकी ती हलकी झाली. महिपतसर शिट्टी तोंडात धरून नुसती मान हलवायचे, शिव्या बंद झाल्या होत्या. मग एक दिवस ते म्हणाले, "आज एका घासात."

आम्ही निघालो. सुरूचं टोक, ओली वाळू, होडी. होडीला वळसा घालून परत सुरूच्या टोकाला यायचं, एवढंच. पण होडी आली आणि रचना थांबली. धाप लागली नव्हती. पाय दुखत नव्हते. नुसती थांबली, दाव्याला हिसका बसावा तशी.

सर चालत आले. "दम आहे. पाय आहेत. मग थांबलीस का?"

"कळलं नाही सर. पोर रडल्यासारखं वाटलं."

"इथे कुठाय पोर?"

रचनाने आजूबाजूला पाहिलं. खरंच कुणी नव्हतं. दूर दोन टिटव्या होत्या.

पुन्हा केलं, पुन्हा तेच. तिच्या अंगाला अर्ध्यावर थांबायची सवय लागली होती. सकाळचं अर्धं आणि संध्याकाळचं अर्धं यांच्यामध्ये तिचा सगळा दिवस असायचा. नाश्ता, खोल्या, लेक, मासळी. तो मधला दिवस उचलून बाजूला ठेवायचा आणि दोन तुकडे सांधायचे, हे काही कुणी तिला शिकवलं नव्हतं. परीक्षा तोंडावर आली. रचनाची भूक गेली. घरी ती ताट घेऊन बसे आणि भात चिवडत राही. साक्षीला पाजताना तिची नजर भिंतीवर असायची. एकदा पिता पिता साक्षीच थांबली आणि आईच्या हनुवटीला हात लावून तिने तिचा चेहरा आपल्याकडे वळवला. रचना हसली, पण ते हसणं डोळ्यांत पोचलं नाही.

माघातली पुनव आली. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने अलिबागला निघायचं, भिमाबाईच्या बहिणीकडे मुक्काम, आणि त्याच्या दुसऱ्या सकाळी मैदानावर हजर व्हायचं. साक्षी अजून अंगावर पिते, म्हणून ती आणि भिमाबाईही बरोबर. निघायच्या आदल्या संध्याकाळी रचनाने शेवटचं अर्धं केलं, मला पायरीवर काढून ठेवलं आणि ती होम-स्टेमध्ये रात्रीच्या जेवणाला पळाली. मी इतका चिंब होतो की पायरी ओली झाली.

भिमाबाई साक्षीला घेऊन पुनवेच्या वंदनेला विहारात गेली होती. पांढरं लुगडं नेसून परत आली आणि माझ्यापाशी थांबली. वाकून तिने मला दाबलं. खारं पाणी निघालं.

"अगो बाय," ती स्वतःशीच म्हणाली. "उद्या पिशवीत जायचे, आन् हे असे."

आता नीट ऐका, मित्रांनो. आमच्या कोकणात बाळंतिणीला शेक देतात. शेगडीत निखारे घालायचे, वर ओवा आणि बाळंतशेपा टाकायचा, आणि त्या उबेत बाळंतिणीची कंबर नि बाळाचं अंग शेकून काढायचं. रचनाला भिमाबाईनेच शेकलं होतं, साक्षीलाही तिनेच. ओल आणि थकवा यांवर तिला एवढंच औषध ठाऊक होतं आणि ते कधी चुकलं नव्हतं. तिने शेगडी पेटवली. आधी मला गोड्या, कढत पाण्याने धुतलं, कारण मीठ वाईट. मग निखाऱ्यांवर जाळी ठेवली, जाळीवर आम्हा दोघांना, आणि चिमूटभर ओवा टाकला. साक्षी मांडीवर. भिमाबाई सारखी मला उलटंपालटं करत होती, हाताने चाचपत होती. "शेक घे रे बाबा," म्हणाली. "तुझ्यावर लई भार हाय."

मला कुणी एवढ्या प्रेमाने कधी हाताळलं नाही. आणि त्याच उबेत माझ्या आतला गोंद हळूहळू पाघळत होता. मला ते कळत होतं. पण बुटाला ओरडता येत नाही. सकाळी मी खडखडीत कोरडा होतो, वरून अगदी शहाणा दिसत होतो. भिमाबाईने मला प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून सामानाच्या तळाशी घातलं आणि रचनाला म्हणाली, "सुकवलेत. बघायला नको."

मैदान लाल मुरमाचं होतं. कडेने दोरी बांधलेली, दोरीमागे आईबाप, नवरे, भाऊ. आत छातीवर नंबर लावलेल्या मुली. बऱ्याचशा विशीतल्या, लवचिक, कुणाच्याच ओढणीवर दुधाचा डाग नाही. रचनाने दोरीपाशी बसून पिशवी सोडली आणि मला पायात चढवलं. मग तिने नाक जवळ आणलं.

"आई, ओव्याचा वास कसला?"

भिमाबाई काही बोलणार तोच रचना अंग मोकळं करायला पळाली. दहा-पंधरा पावलं गेली असतील. मुरमाचा एक खडा लागला आणि माझा तळवा पुढून सुटला. टाळीसारखा आवाज आला. पुढच्या पावलाला तो उलटा दुमडला आणि रचना तोंडावर आपटता आपटता सावरली. डाव्याचंही टाचेपाशी तेच झालं होतं.

ती लंगडत दोरीपाशी आली. चेहरा पांढराफटक. "आई, काय केलंत हे?"

"वले होते गो," भिमाबाई म्हणाली. "शेक दिला. तुला दिला तसा..."

"बुटाला शेक? अहो, चिकटवलेला असतो तो! आता कशाने पळू मी? सांगा ना, कशाने पळू?"

शेजारच्या एका मुलीने आपले बूट पुढे केले, ते टाचेतच अडकले. दुसरीचे आणखी लहान. पलीकडे कर्ण्यावर नंबर पुकारले जाऊ लागले. रचनाचा आला. भिमाबाई हात जोडून उभी होती, सुनेपुढे.

रचनाने तिच्याकडे पाहिलं. मग खाली बसून बंद सोडले, मला काढलं आणि सासूच्या हातात दिलं. अनवाणी निघून गेली.

मित्रांनो, ज्या धावेसाठी मी एवढं खारं पाणी प्यायलो, त्या धावेला मी तिच्या पायात नव्हतो. भिमाबाईच्या काखेत होतो.

शिट्टी झाली. मुली सुटल्या. पहिली फेरी रचना घोळक्यात होती, दुसरीला पुढच्या पाच-सात जणींत. मुरूम तिच्या तळव्यांना टोचत होता, ते मला दुरूनही दिसत होतं. ते तळवे मी ओळखतो. आणि मग आली ती जागा. अर्धं झालं होतं. ती आमच्या समोरून जाऊ लागली आणि साक्षीने आईला पाहिलं. दोन्ही हात पसरले आणि टाहो फोडला. या वेळी भास नव्हता, पोर खरंच रडत होती.

रचनाचं पाऊल अडखळलं. मान वळली. वेग तुटला. मागची एक पुढे गेली, दुसरी गेली.

"मागं बघू नको!" भिमाबाई किंचाळली. "पोर माझ्याकडं हाय! माझी हाय ती! तू पळ!"

आणि ती नुसती ओरडून थांबली नाही. एका कडेवर रडणारी साक्षी, दुसऱ्या काखेत आम्ही दोघं, लुगड्याचा काष्टा घट्ट आणि भिमाबाई दोरीच्या कडेने पळत सुटली! लोक बाजूला झाले. एक हवालदार ओरडला, "ओ आजी, दोरीच्या मागे!"

"मागंच हाय रे बाबा! पुढं ती हाय!"

रचनाने तिला पाहिलं असावं. तिच्या खांद्यांतलं काहीतरी सुटलं, दावं सुटावं तसं. मान सरळ झाली. पाय उचलले गेले. सकाळचं अर्धं संपलं होतं आणि संध्याकाळचं अर्धं आयुष्यात पहिल्यांदाच लगेच, तिथेच, मध्ये काहीही न येता सुरू झालं. भिमाबाई कोपऱ्यापर्यंत पळाली आणि धाप लागून दोरीला धरून उभी राहिली. साक्षी रडायची थांबली होती. आजी पळते हे तिला फार आवडलं. ती टाळ्या वाजवत होती.

मग बराच वेळ भिमाबाईने डोळे मिटून घेतले. मला तिने छातीशी इतकं आवळलं होतं की तिच्या काळजाचे ठोके माझ्या सुटलेल्या तळव्यावर पडत होते. शेवटची शिट्टी झाली तरी तिने डोळे उघडले नाहीत.

"आजी," मघाचा हवालदार जवळ येऊन म्हणाला, "तुमची ती अनवाणी? बसली वेळेत. चांगली बसली."

रचना आली ती बसलीच, जमिनीवर. आधी तिने साक्षीला ओढून ओढणीखाली घेतलं. तळवे सोलले होते, रक्तात मुरूम चिकटला होता. भिमाबाईने आम्हाला बाजूला ठेवलं, खाली बसली आणि सुनेचे पाय आपल्या मांडीवर घेतले.

"आई, पाय नका धरू. बरं नाही दिसत."

"गप बस. धरते." आणि ती एक एक खडा वेचून काढू लागली. मान वर न करता म्हणाली, "माजं चुकलं गो."

"तुम्हीपण पळालात ना," रचना म्हणाली. आणि दोघी अशा हसल्या, अशा रडल्या, की साक्षी पिणं सोडून दोघींची तोंडं पाहत बसली.

आता रचना वनखात्याच्या प्रशिक्षणाला गेली आहे. सरकारने तिला जाड चामड्याचे बूट दिलेत, म्हणे दगडालाही दाद देत नाहीत. चांगलं आहे. मला त्यांचा हेवा वाटत नाही. साक्षी आजीपाशी वाढते आहे आणि सगळ्या घरात धावते आहे.

मित्रांनो, तुमच्याकडे काही मागायचा हक्क माझ्यासारख्या फाटक्याला कुठला? तरी सांगतो. ओला बूट निखाऱ्यावर ठेवू नका, कडक उन्हातही नको. आत कागद कोंबा आणि सावलीत राहू द्या. ही झाली माझी गोष्ट. दुसरी तुमच्या घरातली. कधी तुमची आई थोडा वेळ स्वतःसाठी म्हणून दारात उभी असेल, चप्पल पायात सरकवत असेल. तेव्हा "आई, माझी वही कुठाय?" असं ओरडायच्या आधी वही स्वतः शोधा. धाकटं भावंड रडत असेल तर त्याला उचला. आणि ती ऐकेल एवढ्या मोठ्याने सांगा, "तू जा. हा माझ्याकडे आहे."